मंदाताईंचा इसार

मंदाताई लोणकरांनी पहिल्या भेटीत मला नावसुद्धा विचारलं नाही. बिबवेवाडीतल्या त्या जुन्या सोसायटीत आम्ही राहायला आलो, त्या दुपारी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्या नव्याकोऱ्या जाळीच्या दरवाजाकडे पाहिलं, बिजागरीवर अंगठा दाबला आणि म्हणाल्या, "ह्याचे पैसे आधीच पूर्ण दिलेत ना?"

मी चाट पडले. "हो. पण तुम्हाला कसं कळलं?"

"बिजागरीला भोकं चार आहेत, स्क्रू दोनच मारलेत. पैसे बाकी असते तर चारही मारले असते." मग हातातला डबा माझ्याकडे दिला. "थालीपिठं आहेत. आज स्वयंपाक करत बसू नका. मी समोरची."

पुढची नऊ वर्षं त्या समोर होत्या. मग त्या माहेरगावी राहायला गेल्या. आता त्या वारल्या त्यालाही दोन वर्षं होत आली. आमच्या सोसायटीत कुणी घराचं काम काढलं, की अजूनही कुणी ना कुणी म्हणतं, "मंदाताई असत्या तर काय विचारलं असतं?" मला हे ऐकताना बरं वाटतं. शेजारी पुष्कळांना मिळतात, पण ज्यांच्यामागे त्यांचे प्रश्न उरतात असे थोडे.

ठेंगणी, सावळी बाई. कडक खळ दिलेलं सुती पातळ, मनगटावर मोठ्या डायलचं घड्याळ, आणि खांद्याला एक कापडी पिशवी. त्या पिशवीत मेजर टेप, छोटी बॅटरी आणि कोरे कागद कायम असायचे. मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागातल्या एका आडत्याच्या गाळ्यावर त्यांनी एकतीस वर्षं दिवाणजी म्हणून काम केलं होतं. गादीवर बसून शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाची पट्टी लिहिणारी बाई तेव्हा दुर्मीळ. तिला हाक काय मारायची हा प्रश्न हमालांनी परस्पर सोडवला होता. ते म्हणायचे, "दिवाणजीबाई".

यार्डानं त्यांच्या हाताला एक सवय लावली होती. समोर काहीही आलं की त्या दाबून पाहायच्या. "कांदा आतून सडलेला सालीवरून कळत नाही. मानेशी दाबला की कळतो," असं सांगायच्या, आणि मग प्लायवूड, फरशी, नळ, सगळ्यांची मान शोधत बसायच्या. बोलणं शहरातलं, स्वच्छ आणि तोडून टाकणारं. पण रागावल्या किंवा फार खूश झाल्या की बोलण्यात लोणी यायची. लोणी काळभोर, त्यांचं माहेर. "आहे"चं "हाय" झालं, की आम्ही ओळखायचो, आता ताईंना विषय जिव्हारी लागलाय.

एकदा वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी त्यांना सांगितलं, "आमचा पेंटर किती गोड बोलतो हो!" मंदाताई म्हणाल्या, "बोलू दे की. भिंत काय बोलते ते सहा महिन्यांनी कळवा."

आमचं स्वयंपाकघर फार जुनं होतं. कडाप्प्याच्या ओट्याला तडा गेलेला, सिंकखालची भिंत बारा महिने ओली. सुहासनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, इंटरनेटवरून एक मॉड्युलर किचनवाला शोधून काढला. तो आला तो इस्त्रीच्या शर्टात, हातात टॅब घेऊन. टॅबवर त्यानं आमचंच स्वयंपाकघर नवं करून दाखवलं. ते इतकं देखणं होतं की त्यात आमची भांडी ठेवायची मला लाज वाटली असती.

"सर, आज सत्तर टक्के ॲडव्हान्स केलात तर चिमणी फ्री. ऑफर आजच्यापुरतीच आहे," तो म्हणाला. सुहासनं मोबाइल हातात घेतलासुद्धा होता.

दार उघडं होतं. मंदाताई विरजण मागायला आल्या होत्या. वाटी हातात धरून त्या उभ्या उभ्याच ऐकत होत्या.

"दादा, तुमचं काम आत्ता कुठं चालू आहे?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, आमची दोनशे प्लस किचन्स झालीत. फोटो दाखवतो ना."

"झालेली नकोत. आज चालू असलेलं सांगा."

"आज... एक वाकडला आहे. पण क्लायंटची प्रायव्हसी असते ना, मॅडम."

"बरं. कारखाना कुठंय?"

"कात्रजच्या पुढे. पण सेफ्टीमुळे तिथं क्लायंट अलाउड नाहीत."

"आम्ही हेल्मेट घालून येऊ," मंदाताई म्हणाल्या. "ह्यांच्याकडे दोन आहेत."

तो हसला, पण टॅब बंद करून. एक कार्ड देऊन, त्यावरचा पत्ता दाखवून निघून गेला. तो गेल्यावर सुहास जरा घुश्शातच म्हणाला, "ताई, ऑफर जाईल ना अशानं."

"खरी असेल तर उद्या परत येईल. खोटी असेल तर गेलेली बरी," एवढं बोलून त्या विरजण घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून कार्डावरच्या पत्त्यावर गेले. त्या खरोखरच सुहासचं हेल्मेट घालून बसल्या होत्या, आणि ते त्यांना इतकं मोठं होत होतं की प्रत्येक गतिरोधकाला माझ्या पाठीवर आपटत होतं. पत्त्यावर पंक्चरचं दुकान होतं. दुकानदारानं आमच्या हातातलं कार्ड बघितलं आणि विचारायच्या आधीच म्हणाला, "किचनवाला ना? तुम्ही तिसऱ्या."

सुहास द्यायला निघाला होता ते पैसे आम्ही सहा वर्षं थोडे थोडे करून साठवले होते. मंदाताईंनी हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि दुकानदाराला म्हणाल्या, "आलोच आहोत तर मागच्या चाकात हवा भरा."

परत येताना मी म्हणाले, "ताई, मला फार लाज वाटतीय. आम्ही दोघं शिकलेली माणसं."

"लाज कसली? पैसे अजून तुझ्याच खात्यात आहेत. लाज पैसे गेल्यावर वाटून घ्यायची असते. तीही लुबाडणाऱ्याला वाटली पाहिजे, तुला नाही."

मग त्यांनीच गजाननचं नाव सुचवलं. गजानन वाशीमकडचा. गवंडीकाम, फरशी, ओटे अशी कामं घेणारा, हाताखाली चारपाच माणसं. नाव सुचवलं म्हणजे भरवसा दिला असं मात्र नव्हतं. तो माणूस त्यांच्या ओळखीचा होता, तरी त्याचं सहकारनगरात चालू असलेलं काम बघायला त्यांनी आम्हाला नेलंच. तिथल्या घरमालकिणीला बाजूला घेऊन विचारलं, माणसं वेळेवर येतात का, बोलल्याप्रमाणे माल वापरतात का, कचरा कोण उचलतं. मालकिणीच्या सासूबाई आतून म्हणाल्या, "सगळं ठीक आहे, पण गाणी फार मोठ्यानं लावतात."

"त्याचं बघू," मंदाताई म्हणाल्या, आणि तिथंच पिशवीतून कोरा कागद काढला.

गजाननला अर्धी रक्कम आधी हवी होती. "बाहेर सगळे अर्धे देतात जी, ताई," तो म्हणाला.

"फरशी, सिंक, प्लाय, सिमेंट हे सगळं ही मनीषा दुकानात जाऊन स्वतःच्या नावाच्या बिलानं घेणार. मग अर्धे कशाला हवेत? माणसं लावायला तुला काय लागेल ते सांग."

गजाननने मनात हिशेब केला आणि हसला. "मंग येवढे कायले लागते!"

कागदावर सगळं उतरलं. काय तोडायचं, कुठली फरशी, ओट्याची उंची किती, कधी सुरू, कधी संपवायचं. इसार, म्हणजे काम पक्कं करायची आगाऊ रक्कम, थोडका. पुढचे पैसे टप्प्यानं: नळ भिंतीत बसले की काही, ओटा बसला की काही. शेवटचा हप्ता आम्ही आठ दिवस तिथं स्वयंपाक करून पाहिल्यावर. आणि पैसे गजाननच्याच नावाच्या खात्यात, दर वेळी पावती. मध्ये एकदा त्यानं आपल्या साल्याचा नंबर दिला, "यावर टाका, माझं ॲप चालत नाही." मंदाताई म्हणाल्या, "ॲप चालेपर्यंत थांबू." दुपारपर्यंत चाललं.

मला त्या कागदाचं जरा ओझं वाटत होतं. गजानन गेल्यावर मी म्हणाले, "एवढं लिहून घेतलं, त्याला वाईट नसेल वाटलं? चांगला माणूस दिसतोय."

तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली.

"माझा बाप लोणीत कांदा पिकवायचा. एका वर्षी व्यापाऱ्यानं शेतात येऊन भाव ठरवला आणि इसार दिला. थोडकाच. आठ दिवसांत बाजार दीडपट झाला. दुसरा व्यापारी बांधावर येऊन उभा, हातात रोख. बाप म्हणाला, 'माल गेलेला हाय.' आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पुढच्या वर्षी त्याच व्यापाऱ्यानं तसाच इसार दिला, आणि बाजार पडला. लोक कांदा रस्त्याकडेला ओतत होते. तो व्यापारी ठरल्या दिवशी ट्रक घेऊन आला आणि ठरल्या भावानं माल उचलून गेला. तोंडातून एक शब्द न काढता." त्या थांबल्या. "इसार दोन्ही हातांना बांधतो, मनीषा. सगळे पैसे आधी दिलेस तर एकच हात बांधला जातो. तुझा. आणि चांगल्या माणसाला कागदाचं वाईट वाटत नाही. उलट त्याला आधार होतो. उद्या तू म्हणालीस, ह्या पैशात कपाटही करून दे, तर तो कागद दाखवेल."

आमच्या घरचं पाणी कामासाठी बंद होतं तेव्हा मी अंघोळीला त्यांच्याकडे जायची. त्यांच्या न्हाणीघरात भिंतीला स्टीलच्या दांड्या होत्या. एक कमोडजवळ, एक शॉवरखाली, एक दाराशी, तिन्ही वेगवेगळ्या उंचीवर. मंदाताई एकट्याच राहत होत्या आणि तेव्हा चांगल्या ठणठणीत होत्या. एक दिवस मी विचारलं. त्या घेवडा मोडत बसल्या होत्या. हात न थांबवता त्यांनी सांगितलं.

लोणकरकाका एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून दहा दिवसांनी घरी सोडणार होते, आणि घरात न्हाणीला मोठा उंबरठा आणि उकिडवं बसायचा संडास. मंदाताईंनी जवळच्याच एका कंत्राटदाराला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, पूर्ण भरा, उद्यापासून चार माणसं लावतो. काका यायच्या आत तयार." त्यांनी पूर्ण भरले. रोख, पावती न घेता.

"तू विचारशील, यार्डात इतकी वर्षं काढून असं कसं केलं? घाई होती. लबाडी त्याची होती, घाई माझी होती. लबाडांना घाई लांबून दिसते."

दोन दिवस माणसं आली. फरशी उखडली, संडासाचं भांडं काढलं, भिंत फोडली. तिसऱ्या दिवसापासून कुणी नाही. काका घरी आले ते खड्ड्यापाशीच. तळमजल्यावरच्या कुलकर्णी पतिपत्नींनी आपली न्हाणी दिली. रोज सकाळी चार जण काकांना खुर्चीत बसवून दोन जिने खाली न्यायचे आणि अंघोळ झाली की परत वर आणायचे. लिफ्ट तेव्हाही नव्हती, आताही नाही.

"घाटातून रात्रंदिवस गाडी काढलेला माणूस," मंदाताई म्हणाल्या. "पण जिन्यावरून उतरवताना डोळे मिटून घ्यायचा. शेजारीपाजारी दारात दिसायला नकोत म्हणून. महिना झाला तरी हेच. मी फोन करायचे, तो म्हणायचा उद्या. चौकीत अर्ज दिला, त्यांनी ठेवून घेतला. एक दिवस सकाळी हे म्हणाले, 'मंदे, आज अंघोळ नाही केली तर चालेल ना गं?' त्या दिवशी मी ठरवलं."

गाळ्यावरचं काम संपलं की त्या सरळ त्या कंत्राटदाराच्या दुकानात जायच्या. दाराशी एक स्टूल होतं, त्यावर बसायच्या. बरोबर निवडायची भाजी न्यायच्या. तो ओरडला, धमकावून झालं, मग त्यानं पंखा बंद केला. ह्या बसलेल्या. दुकानात गिऱ्हाईक शिरलं की त्याला एकच वाक्य सांगायच्या, आवाज न चढवता: "पैसे देण्याआधी माझी न्हाणी बघून या. मागच्याच रस्त्याला हाय."

बहुतेक लोक चमत्कारिक नजरेनं बघून पुढं जायचे. अकराव्या दिवशी एक नवराबायको आले. त्यातली बाई थांबली आणि म्हणाली, "दाखवा." मंदाताई त्यांना घेऊन दोन जिने चढून घरी आल्या. त्या बाईनं खड्डा पाहिला. मग पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपलेले काका पाहिले. दुकानात परत गेली आणि त्या माणसाला म्हणाली, "आमचं काम तुम्हालाच द्यायचं होतं. आता आधी ह्यांचं पुरं करा, मग कुणाला तरी तोंड दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माणसं हजर. मंदाताईंनी नऊ दिवस रजा काढली आणि त्यांच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. दांड्या त्यांनी स्वतः मापून बसवून घेतल्या. "काकांचा चांगला हात कुठवर पोचतो, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय. चार वर्षं जगले त्यानंतर. चार वर्षं स्वतःच्या हातानं अंघोळ केली. आतून कडी लावून. मी बाहेर बसलेली असायचे, पण कडी त्यांची." त्यांनी घेवड्याचं ताट उचललं. "माझं आयुष्यातलं एकच बांधकाम, बघ. पण असं कुणाच्या बंगल्यात नसेल."

हे त्या बोलल्या तेव्हा त्यांच्या आवाजात जी ऐट होती, ती मी नंतर एकदाच ऐकली. त्याचं असं झालं.

सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं ठरलं. तोवर आमचं स्वयंपाकघर कागदाप्रमाणे पुरं झालं होतं आणि मंदाताईंची पद्धत बिल्डिंगभर पसरली होती. तीन जणांकडून अंदाज मागवले, तिघांची चालू कामं बघितली आणि काम गजाननला मिळालं. मंदाताईंनी कागद केला, साक्षीदार म्हणून सही केली. शेवटचा हप्ता कधी, तर गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून ठेवायचं आणि खाली एक थेंब आला नाही तर लगेच. भर मे महिन्यात काम झालं. गच्चीवर घोटाभर पाणी दोन दिवस उभं राहिलं. वरच्या मजल्यावरच्या चारही घरांची छतं मंदाताईंनी शिडीवर चढून हात लावून पाहिली. कोरडी ठणठणीत.

आणि सभेत अध्यक्ष परांजपे म्हणाले, "माझं असं मत आहे की शेवटचा हप्ता आत्ता देऊ नये. एक पावसाळा जाऊ द्यावा. मग बघू."

पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून सभा चालली होती. बरीच डोकी हलली. पैसे आपल्याच खिशात राहणार असतील तर कुणाला नको असतं? गजानन गेटपाशी उभा होता. त्याची माणसं पेरणीच्या आधी गावी जायची होती, त्यांची मजुरी ह्याच हप्त्यातून द्यायची होती. तो मंदाताईंकडे बघत राहिला.

"कागदावर पाणी साठवून बघण्याची अट आहे," मंदाताई बसूनच म्हणाल्या. "पावसाळ्याची नाही."

तेवढ्यात मागून कुणीतरी हसून म्हणालं, "अहो ताई, तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला शेवटचे पैसे अडकवून ठेवायला!"

सगळे हसले. मी मंदाताईंच्या शेजारी बसले होते. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. आपणच दिलेली गोष्ट कुणी उलटी धरून आपल्यावर रोखावी, तसं झालं. मग त्या उठल्या.

"मी अडकवायला शिकवलं नाही. राखून ठेवायला शिकवलं. अडकवतात उंदराला." हशा थांबला. "तो हप्ता काम तपासायला ठेवला होता. माणूस वाकवायला नव्हता ठेवला. काम तपासलं, पास झालं. आता ते पैसे आपले नाहीत. गजाननचे हायेत."

"मंदाताई, भावनेच्या भरात नको," परांजपे म्हणाले. "आपण सोसायटीचं हित बघायला हवं."

"माझी न्हाणी फोडून पळाला तोही स्वतःचं हितच बघत होता, परांजपे. त्यानं पैसे घेऊन काम दिलं नाही. आपण काम घेऊन पैसे देत नाही. फरक मला समजावून सांगा. मी हितंच हाय."

त्या पुढं म्हणाल्या, "कागदावर माझी सही हाय. तुम्ही पैसे दिले नाहीत तर मी माझ्या पैशातून देईन. आणि खालच्या फळ्यावर लिहीन, ह्या सोसायटीनं काम करून घेऊन पैसे बुडवले. पुढच्या वर्षी बिल्डिंगला रंग द्यायचाय ना? बघू, ब्रश घेऊन कोण येतो ते."

मग तळमजल्यावरच्या कुलकर्णी आजोबांनी हात वर केला. ऐंशी उलटलेले, काठीवर हनुवटी टेकून बसलेले. "मी पैसे देण्याच्या बाजूचा," ते म्हणाले. "घ्या मतं." मग त्यांच्या सौभाग्यवतींचा हात, मग माझा, मग सुहासचा. शेवटी परांजप्यांनी स्वतःचाही हात वर केला. आणि त्यांच्याबद्दल हे सांगायलाच हवं, की चेक त्यांनी तिथंच लिहिला आणि गेटपर्यंत चालत जाऊन स्वतः गजाननच्या हातात दिला.

सभा संपल्यावर जिना चढताना मंदाताई एका पायरीवर थांबल्या. धाप लागली होती. मला म्हणाल्या, "आज काका असते तर जिना उतरून सभेला आले असते बघ. डोळे उघडे ठेवून." तीच ऐट.

त्या पावसात गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ एक बारीक चीर दिसली. परांजप्यांनी गजाननला एक फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला, चीर भरली आणि पैसे घेतले नाहीत. परांजप्यांनी त्याला घरात बसवून चहा दिला.

पुढं मंदाताईंचे गुडघे गेले. दोन जिने रोज जमेनात. समोरचं घर भाड्यानं देऊन त्या लोणीला भावाकडे राहायला गेल्या. आम्ही फोनवर बोलायचो. "कंटाळा येतो का?" विचारलं की म्हणायच्या, "कंटाळायला सवड नाही. इथं बायकांनी मला कामाला लावलंय."

एका रविवारी मी मुद्दाम बसनं गेले. भावाच्या घरी कळलं, ताई शाळेत आहेत. गावातल्या बचत गटाच्या बायकांना पापड-शेवयांसाठी स्वतःची खोली बांधायची होती. जागा ग्रामपंचायतीनं दिली होती, पैसे बायकांनी पापड लाटून जमवले होते. शाळेच्या एका वर्गात बारापंधरा बायका बाकांवर बसलेल्या, फळ्याजवळच्या खुर्चीत मिशाळ कंत्राटदार. मंदाताई सगळ्यांच्या मागं भिंतीशी, खुर्ची टेकून. किती वाळल्या होत्या! मला बघून त्यांनी शेजारच्या बाकावर हात थोपटला. बस, पण बोलू नको.

सोनाली नावाची एक पंचविशीतली सून उभी राहून कागद वाचत होती. अडखळत, पण मोठ्यानं. चालू काम बघून झालेलं होतं, सिमेंट-विटा गट स्वतः घेणार होता, हप्ते ठरले होते. कंत्राटदार "व्हय, व्हय" करत होता. मला सगळं ओळखीचं वाटत होतं. मग सोनालीनं कागद खाली केला आणि विचारलं, "आन् दादा, तुमी आजारी पडलात, काय कमीजास्त झालं, तर काम कोण पुरं करणार? त्याचं नाव हितं लिहा. त्याची सही आणा."

कंत्राटदार गडबडला. त्यानं बायकांच्या डोक्यांवरून मागं पाहिलं. "आत्या, ही काय इचारतीय? असं कधी कुनी इचारलं नाय."

"माझ्याकडं काय बघताय?" मंदाताई म्हणाल्या. "पैसे तिचे हायेत. उत्तर तिला द्या."

मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "हे मला उभ्या जन्मात सुचलं नव्हतं गं."

परतीची बस गाठायची होती, म्हणून मी मध्येच उठले. कंत्राटदार खिशातला पेन शोधत होता. बायका उठून टेबलाभोवती जमल्या होत्या, सोनाली कागदावर बोट ठेवून जागा दाखवत होती. दारातून मी मंदाताईंना हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान थोडी उंच करून, त्या बायकांच्या गर्दीतून सोनालीकडे बघत होत्या.